प्रयोगशाळेतील हातांना हक्काची खुर्ची केव्हा?

गेल्या आठवड्यात एक तरुण माझ्या कार्यालयात आला. हृदयाच्या झडपांवर संशोधन करतो. घरात पदवी घेतलेला तो पहिलाच. म्हणाला, "वकीलसाहेब, पाच वर्षांची फेलोशिप संपली, प्रयोग अजून अर्धा आहे. गाईड म्हणतात परदेशी जा, घरचे म्हणतात पगार आण. कायद्याने मला काही मिळते काय?" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

आधी त्याचे काम समजून घेऊ. दाटीच्या वस्तीतल्या मुलाचा घसा दुखतो, उपचार होत नाही, पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. हा बंगल्यातला आजार नव्हे! यांत्रिक झडप बसवली तर जन्मभर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. प्राण्याच्या ऊतीची झडप लहान वयात लवकर कडक होते. दोन्ही मुलाबरोबर वाढत नाहीत. म्हणून साच्यावर जिवंत पेशी रुजवून वाढणारी झडप घडवायची, ही ऊती अभियांत्रिकीची धडपड आहे.

हे काम पाच वर्षांत उरकत नाही. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने देशी यांत्रिक झडप तयार केली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा टिकला आणि १९९० साली तो प्रथम रुग्णाला बसवला गेला. तीनदा फसण्याची मुभा कोणाला असते? ज्याच्या पायाखाली कायमची नोकरी आहे त्याला! आमच्या मुलाला एकदा फसणेही परवडत नाही. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० आणि ज्येष्ठ संशोधकाला ४२,००० रुपये फेलोशिप लागू झाली. आकडा चांगला आहे. पण त्यानंतर काय, याचे उत्तर त्यात नाही.

अमेरिकेत १९४४ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निळ्या पडलेल्या बालिकेवर ऐतिहासिक शस्त्रक्रिया झाली. सुरी डॉ. ब्लॅलॉक यांच्या हाती होती. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया सिद्ध केली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. थॉमस डॉक्टरांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घालायचे ते सांगत होते. शस्त्रक्रियेला नाव मात्र ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचे लागले! थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ साली. कसब त्यांचे होते, खुर्ची दुसऱ्याची होती.

आता कायद्याचे बोलू. पेटंट कायदा, १९७० च्या कलम २८ नुसार खऱ्या शोधकाला आपले नाव पेटंटात नमूद करून घेता येते. म्हणून प्रयोगाची वही तारीख-सहीनिशी ठेवा. शोधनिबंधात नाव कितवे, हे काम सुरू होतानाच लेखी ठरवून घ्या. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला. त्यात संपूर्ण संस्था हे एकक धरले आहे. संस्थेचे रोस्टर माहितीच्या अधिकारात मागा. मात्र याच कायद्याच्या कलम ४ ने टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, जवाहरलाल नेहरू सेंटर अशा काही संस्थांना वगळले आहे. उत्कृष्टता आणि आरक्षण एकत्र नांदत नाहीत, हे कोणी ठरवले?

आणि फेलोशिप संपल्यापासून पद मिळेपर्यंतच्या काळासाठी कायद्यात हक्क म्हणून काहीच नाही. त्या तरुणाला मला हेच सांगावे लागले. श्रीमंताचा मुलगा तो काळ बापाच्या पैशावर काढतो. आमचा मुलगा कोचिंग क्लासमध्ये शिकवायला जातो आणि झडप प्रयोगशाळेतच राहते.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले. प्रत्येकाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे सरकारने जबाबदारी झटकणे होय. फेलोशिप दरमहा वेळेवर मिळावी, प्रबंधानंतर तीन वर्षांचे संशोधनपद मिळावे आणि रिक्त राखीव जागा भराव्यात, या मागण्या आपल्या संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत. आमच्या वस्तीतल्या मुलाचे हृदय दुरुस्त करणारा संशोधक आमच्या वस्तीतूनही आला पाहिजे, आणि तो स्टुलावर नव्हे, खुर्चीवर बसला पाहिजे!