फ्यूज नेमका कुणाला वाचवतो?



घरात गाडी आली, मग ती नवी असो की जुनी, मुलांची पहिली फर्माईश ठरलेली: "अब्बा, गाडीत चांगला साउंड बसवू या ना!" कव्वाली असो की नातशरीफ, आवाज भरदार हवा. मोठा वूफर आला की ॲम्प्लिफायर आला, आणि ॲम्प्लिफायर आला की बॉनेटखालच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड लाल वायर ओढणे आले. ही चार-साडेचार मीटरची वायर गाडीतल्या मॅटखालून, मागच्या सीटवर बसलेल्या लेकरांच्या पायांशेजारून जाते. म्हणूनच तिच्यावर कोणता फ्यूज आहे, हे मुलांइतकेच आईवडिलांनाही कळायला हवे.

बहुतेकांना वाटते की फ्यूज हा महागड्या ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी असतो. "ॲम्पवर कंपनीचे फ्यूज आहेतच, मग वेगळा कशाला?" असे फिटिंग करणारेही कधी कधी म्हणतात. इथेच गफलत होते. ॲम्पवरचे फ्यूज ॲम्पसाठी असतात. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज वायरसाठी, म्हणजे पर्यायाने गाडीसाठी आणि गाडीतल्या माणसांसाठी असतो.

कसे ते पाहू. गाडीची सगळी पत्र्याची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला जोडलेली असते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून लाल वायर आत येते. त्या भोकाला रबरी बूच नसेल, तर खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी वायरचे आवरण हळूहळू कापले जाते. एक दिवस आतले तांबे पत्र्याला टेकते. गाडीची बॅटरी फक्त 12 व्होल्टची, तिचा शॉकही बसत नाही. पण शॉर्ट सर्किटमध्ये ती शेकडो अँपिअर करंट देते. तो करंट पत्र्यातून परस्पर बॅटरीकडे परततो, डिकीतल्या ॲम्पपर्यंत पोहोचतच नाही. मग तिथला फ्यूज उडणार कसा? वायर मात्र तापून लाल होते आणि आवरण, मॅट, सीट यांना आग लागते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. टेप नसेल तर हात लावून मोजा: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. जितका जवळ तितका बरा.

आता किती अँपिअरचा? दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, ॲम्पची गरज. खोक्यावर छापलेल्या "2000 वॅट" वर जाऊ नका, ॲम्पवरचे फ्यूज पाहा. समजा, तिथे 20 अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे एकूण 40. इंजिन चालू असताना साधारण 13.8 व्होल्ट मिळतात. 40 गुणिले 13.8 म्हणजे 552 वॅट. ॲम्प आत घेतोच सुमारे साडेपाचशे, तर दोन हजार बाहेर देईल कुठून? डी क्लासचा ॲम्प त्यातले साधारण 80 टक्के आवाजासाठी वापरतो, म्हणजे सुमारे 440 वॅट. एबी क्लासचा जेमतेम निम्मे वापरतो, बाकीची उष्णता होते.

दुसरी, वायरची ताकद. शुद्ध तांब्याची वायर असेल तर 10 गेजला 30, 8 गेजला 50 आणि 4 गेजला 100 अँपिअरच्या वरचा फ्यूज न लावणे शहाणपणाचे. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. बाजारात स्वस्त मिळणारी वायर अनेकदा ॲल्युमिनियमची असते, वरून फक्त तांब्याचा मुलामा. ती तेवढ्याच जाडीत कमी करंट पेलते, म्हणून तिच्यासाठी हे आकडे खाली आणा किंवा एक माप जाड वायर घ्या. नखाने किंवा ब्लेडने तार खरवडली की आतली चांदीसारखी चमक उघडी पडते.

नियम एवढाच: मुख्य फ्यूज ॲम्पच्या फ्यूजांच्या बेरजेपेक्षा कमी नको आणि वायरच्या मर्यादेपेक्षा जास्त नको. वरच्या उदाहरणात 8 गेजच्या तांब्याच्या वायरवर 40 किंवा 50 चा फ्यूज योग्य. त्याच ॲम्पला 10 गेजची वायर असेल, तर गरज 40 ची आणि मर्यादा 30 ची. अशा वेळी फ्यूज वाढवायचा नाही, वायर बदलायची. दोन ॲम्प असतील आणि मध्ये जाड वायरला बारीक फाटे फुटत असतील, तर प्रत्येक फाट्याला सुरुवातीलाच त्याच्या जाडीचा वेगळा फ्यूज हवा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याचा राग धरू नका. तो काहीतरी सांगतो आहे. कुठे वायर घासली आहे, कुठे जोड सैल आहे, ते शोधा. जुन्या घरांत किटकॅट फ्यूजमध्ये जाडजूड तांब्याची तार गुंडाळून "आता उडणार नाही" म्हणणारे लोक आपण पाहिले आहेत. गाडीत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणे, किंवा हिरव्या 30 च्या जागी थेट 80 चा बसवणे, हा तोच प्रकार. 30 च्या फ्यूजमधून 60 अँपिअर वाहू लागले की तो काही सेकंदांत वितळतो. 80 चा तेवढ्यावर ढिम्म राहतो, आणि मग वितळायची पाळी वायरची येते.

फिटिंगच्या वेळी बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी काढा, मुख्य फ्यूज सर्वांत शेवटी बसवा आणि पत्र्याच्या भोकात रबरी बूच आहे ना ते डोळ्यांनी पाहा. साउंड आधीच बसवलेला असेल, तर या रविवारी बॉनेट उघडा, बॅटरीपासून निघालेली लाल वायर एक हात अंतरापर्यंत तपासा. तिथे फ्यूज दिसला नाही, तर तो बसेपर्यंत ती वायर बॅटरीपासून सोडवून ठेवा. चार दिवस कव्वालीशिवाय गाडी चालेल.