चल, देवळापर्यंत जाऊन येऊ

बालमित्रांनो,

निकाल लागले की आमच्याकडे पत्रांचे ढीग येतात. कुणी पेढे खायला बोलावतं, कुणी गणिताच्या नावानं बोटं मोडतं. यंदा त्यात एका मुलीचं चार ओळींचं पत्र होतं. ती लिहिते, "काका, माझी जिवलग मैत्रीण दहावीत नापास झाली. मी पास झाले. तिच्या घरी जावंसं वाटतं, पण जाऊन बोलू काय?"

पत्र वाचलं आणि मला माझं शहाड आठवलं.

शहाड कुठं आलं, असं तुमच्यापैकी काही जण विचारतील. कल्याणला आगगाडी पोहोचली १८५४ साली. कल्याणच्या पुढे रुळांचे दोन फाटे होतात, एक कर्जतकडे जातो आणि दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन म्हणजे शहाड. इथं सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला रेशमासारखा धागा. इथलंच विठ्ठल-रखुमाईचं बिर्ला मंदिर तर सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. आषाढीला पंढरपूर गाठता आलं नाही, तर मंडळी इथं रांगा लावतात.

आम्ही तिघे मित्र. शाळा सुटली, घरी चहा झाला, की चपला पायात. आधी रुळांवरच्या पुलावर थांबून मालगाडीचे डबे मोजायचे, मग रमतगमत देवळापर्यंत जायचं आणि येताना वडापाव. पैसे मात्र नेहमी दोघांपुरतेच! मग दोन वडापावांचे तीन वाटे व्हायचे. वाटे करणाऱ्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा, हा आमचा कायदा. त्यामुळे वाटे अगदी सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखे होत. हे काम आमच्यातल्या एकाकडे कायमचं होतं.

गंमत सांगू? बटाटा आणि मिरची दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजांतून ते आपल्याकडे आले. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही पोर्तुगीजांचेच. लांबलांबची ही मंडळी आपल्या हरभऱ्याच्या पिठाशी अशी दोस्ती करून बसली, की आता त्यांना परकं कोण म्हणेल?

तर, दहावीचा निकाल लागला. आम्ही दोघे पास झालो. वाटे करणारा नापास झाला.

त्या संध्याकाळी त्याच्या घराकडे पाऊल वळेना. दुसऱ्या दिवशीही नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ करता करता पंधरा दिवस गेले. आम्ही दोघेच फिरायला जायचो, तेही त्याची गल्ली टाळून. आयुष्यात पहिल्यांदा अख्खा वडापाव वाट्याला आला होता, आणि तो संपता संपत नव्हता.

सोळाव्या दिवशी मात्र राहवेना. आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो. घरून निघताना बरीच वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. तोंडातून एवढंच निघालं, "चल, देवळापर्यंत जाऊन येऊ."

त्यानं मुकाट्यानं चपला घातल्या. पुलापर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही. पण चालताना एक बरं असतं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पुलाखालून मालगाडी धडधडत गेली. मी म्हटलं, "चाळीस." तो म्हणाला, "एक्केचाळीस. गार्डाचा डबा धरला नाहीस." झालं! त्यावरून देवळापर्यंत भांडलो.

येताना वाटे त्यानंच केले. मग हळूच विचारलं, "इतके दिवस आला का नाहीत रे?"

"काय बोलावं ते कळेना."

"मग आज असं काय बोललात?"

ऑक्टोबरच्या परीक्षेत तो पास झाला. आज आम्ही तिघेही पिकल्या केसांचे आहोत. अजून शहाडला जमतो, चालतो. वडापाव अजूनही दोनच घेतो, आता डॉक्टरांच्या धाकानं! वाटे तोच करतो. पण ते पंधरा दिवस काही परत आले नाहीत. एकट्यानं खिडकीशी बसून आमची वाट पाहत काढलेले ते दिवस होते, हे त्यानं बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणी, आजच जा. काय बोलायचं, ते वाटेत सापडेल. आणि आईबाबांनो, एवढ्या एका संध्याकाळी क्लासला दांडी पडली तर रागावू नका हं!

जाऊन आलीस की कळव. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
काका