मैदानावरचे सर
साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे, म्हणजे २३ जून १९६१ रोजी सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या सैनिक शाळेचे, माजी विद्यार्थी जमले की गप्पा फार लवकर मैदानावर येतात. खडकवासल्याच्या एनडीएसाठी मुलं घडवायची हा शाळेचा हेतू. पण कोण कुठल्या हुद्द्याला पोचलं, हा विषय पटकन संपतो. मग निघतात सर: सकाळी वर्गात गणित शिकवणारे आणि संध्याकाळी खेळ घेणारे. दहा-अकरा वर्षांचं पोर घर सोडून वसतिगृहात येतं, त्याची उशी रात्री ओली होते, हे आईच्याही आधी सरांना कळतं. क्रॉसकंट्रीत सर्वांत मागे पडलेल्या मुलासोबत सर शेवटपर्यंत धावतात आणि पहिल्या आलेल्याला नुसतं ‘पाणी पी’ म्हणतात. मला हे दुसरं अधिक मोलाचं वाटतं. जिंकलेल्या मुलाला जमिनीवर ठेवायला फार माया लागते. साठी ओलांडलेले निवृत्त अधिकारी आजही या सरांपुढे सावधान उभे राहतात. त्यांच्या नावे चषक जरूर ठेवावा, पण त्याआधी, सर आहेत तोवर, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. जुन्या तुकड्यांनी हे काम येत्या मेळाव्यातच वाटून घ्यावं.