बॅटरीच गेलीय!

माझी जीप मी उतार पाहूनच लावतो, हे या सदराच्या वाचकांना पाठ झालंय. घोडेगावच्या एकाने तर निरोप धाडला, "शिवनेरीच्या पायथ्याला कायमची जागा घ्या." घेतली असती. पण या आठवड्यात उताराचं कारण सापडलं आणि माझा मलाच राग आला.

दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. सेल्फ मारला की 'टक', मग गप्प. विचारावं तो बोनेट न उघडताच म्हणे, "बॅटरीच गेलीय." नारायणगावहून हायवेने मंचरपर्यंत पळवली की गडी टुणटुणीत, जुन्नरच्या पेठेत आठवडाभर फिरवली की आडवा.

शेवटी ओतूरच्या एका म्हाताऱ्या वायरमनने मीटर लावला. इंजिन बंद, १२.५ व्होल्ट; चालू, तरी १२.३. हवेत १३.८ ते १४.४. म्हणजे डायनामो चार्जच करत नव्हता. बेल्ट ताठ, अर्थिंग साफ. त्याने चावी फिरवली आणि विचारलं, "लाल दिवा कुठाय?" दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी समजत होतो! माझ्यासारख्या जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून डायनामोला पहिला करंट जातो. बल्ब उडाला की डायनामो झोपलेला. दामटली तर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर उठतो कधीमधी. बल्ब वीस रुपयांचा. तिकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षांवरची कुजबुज टिपतात आणि मला नाकासमोरचा दिवा दिसेना.

बाकी दिवसा आपल्याकडे धक्क्याला तोटा नाही. टोमॅटोचा पिकअपवालाही उतरतो. पैसे घेत नाही, सल्ला देतो. रात्रीचं मात्र वेगळं. गेल्या हिवाळ्यात पिंपळवंडीच्या अलीकडे, दोन्हीकडे ऊस, फोन आला म्हणून थांबलो आणि सवयीने चावी काढली. तीही सपाटीवर. टक!

बिबट्याचं नाव कोणी काढलं नाही, आणि खालीही कोणी उतरलं नाही. मेहुणे म्हणाले, "दाजी, गाडी तुमची." मी म्हटलं, "मी उतरलो तर गिअर कोण टाकणार?" यावर तासभर चर्चा झाली. मग आवाज असावा म्हणून लावण्या. मेहुण्यांना तीनच येत होत्या, त्याही अर्ध्या. हिने मागून सूर दुरुस्त केले.

पहाटे दुधाची गाडी आली. दूधवाला उतरला, हातातल्या बॅटरीचा लख्ख झोत आमच्या चौघांच्या तोंडावरून फिरवला आणि म्हणाला,

"बॅटरीच गेलीय तुमची."