आरशासारखे नाणे

गेल्या अंकातील लेख वाचून एका वाचक भगिनीने पत्र पाठविले आहे. त्यांचे सासरे नाण्यांचे शौकीन होते. त्यांच्या पश्चात कपाटाच्या तळाशी निळ्या मखमलीचे आवरण असलेल्या चार-पाच पेट्या सापडल्या. प्रत्येक पेटीत आरशासारखी लखलखणारी नाणी आहेत, मात्र काहींवर डाग पडले आहेत. ताईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. ही नाणी कशी जतन करावी आणि त्यांची किंमत किती समजावी? शेवटी सहज म्हणून एक वाक्य लिहिले आहे, "दिवाळीला सगळी चिंचेने लख्ख घासून लक्ष्मीपूजनात मांडण्याचा विचार आहे."

ते शेवटचे वाक्य वाचले आणि मी मासिकाच्या अंकाची वाट न पाहता त्याच दिवशी त्यांना पोस्टकार्ड टाकले : "ताई, कृपा करून नाण्यांना चिंच लावू नका." या निकडीचे कारण पुढे सांगतो. आधी ही नाणी म्हणजे काय, ते पाहू.

अशा नाण्यांना 'प्रूफ' नाणी म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी असते की, जे नाणे नवेकोरे आणि चकचकीत ते प्रूफ. ही समजूत चुकीची आहे. प्रूफ हे नाण्याच्या अवस्थेचे नाव नसून ते घडविण्याच्या रीतीचे नाव आहे. बाजारात चालणारी नाणी टांकसाळीत झपाट्याने पडतात, एकमेकांवर आदळतात आणि पोत्यांत भरली जातात. प्रूफ नाण्यासाठी कोरी चकती आधी घासूनपुसून गुळगुळीत करतात, ठशालाही आरशासारखे पाणी देतात, दाबही एकाहून अधिक वेळा देतात, आणि तयार झालेले नाणे हातमोजे घालून एकेक उचलतात. त्यामुळे नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी होते, आणि त्यावरील चित्र व अक्षरे बहुधा दहिवराने झाकल्यासारखी पांढुरकी, मंद दिसतात. काळा आरसा आणि त्यावर पांढरे चित्र, हा विरोधच प्रूफ नाण्याचे सौंदर्य होय. टांकसाळी 'अनसर्क्युलेटेड' नावाचे संचही विकतात. ती नाणी न वापरलेली असली तरी प्रूफ नव्हेत, हा भेद नवशिक्याने प्रथम ध्यानात ठेवावा.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी चार नाणी निघाली. त्यांतील दहा रुपयांचे नाणे चांदीचे होते. त्यानंतर 'सर्वांसाठी अन्न', 'बचत आणि विकास', 'बालक वर्ष' अशा विषयांवर पुढील दशकभर जवळजवळ दरवर्षी नवे नाणे निघत गेले आणि त्यांचे प्रूफ संच संग्राहकांसाठी विकले गेले. मुंबईच्या टांकसाळीच्या प्रूफ नाण्यांवर त्या काळी रोमन 'बी' हे अक्षर असे. १९९६ पासून त्या जागी 'एम' आले. नेहमीच्या चलनी नाण्यांत मुंबईची खूण चौकट, आमच्या हैदराबादची चांदणी, नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे कोणतीच खूण नसणे. भिंग घेऊन सालाखाली पाहण्याची सवय लावून घ्यावी. गांधी शताब्दीच्या नाण्यावर मात्र १९६९ हे साल शोधू नये. तेथे '१८६९–१९४८' असे लिहिलेले आहे.

आता त्या चिंचेविषयी. आम्ही वडिलांना अण्णा म्हणत असू. अण्णांनी मोठ्या हौसेने गांधी शताब्दीचा प्रूफ संच घेतला होता. १९८० च्या दिवाळीत मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आईने पूजेची चांदी घासायला सांगितली. निरांजन, ताम्हन, पंचपात्री घासून झाल्यावर मला वाटले की अण्णांचे मोठे नाणे मळकट दिसते, तेही उजळावे. पेटी उघडून मी दहा रुपयांचे नाणे काढले, आणि चिंच व चुलीतील राख लावून अंगठ्याने खूप वेळ घासले. संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले. त्यांनी नाणे दिव्याजवळ धरून उलटसुलट फिरवले आणि एवढेच म्हणाले, "चकाकतंय खरं." मग ते नाणे पाटावर लक्ष्मीपुढे ठेवले. ते मला रागावले नाहीत, म्हणून ती शाबासकीच होती असे मी कितीतरी वर्षे समजत होतो.

अण्णांच्या पश्चात धाकट्या बहिणीच्या घराचे काम अडले आणि पैशाची निकड लागली, तेव्हा तो संच घेऊन मी नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने भिंगातून रुपया पाहिला, पन्नास पैसे पाहिले आणि मान डोलावली. मग दहा रुपयांचे नाणे भिंगाखाली धरले, क्षणभर थांबला आणि काही न बोलता ते काट्यावर ठेवले. भिंगाखालचे नाणे काट्यावर गेले, याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. ते नाणे आता नाणे राहिले नव्हते, ती नुसती चांदी झाली होती. अण्णांना हे त्या संध्याकाळीच कळले असणार. दहा वर्षांच्या मुलाला ते सांगण्यात अर्थ नाही, असे त्यांनी ठरविले असावे.

राख ही धातूवर कानशीसारखी चालते. साध्या नाण्यावर तिचे ओरखडे लपतात, पण आरशावर एकही लपत नाही. मऊ फडक्याने केवळ पुसले तरी प्रूफ नाण्यावर केसासारख्या बारीक रेषा उमटतात, आणि त्या पुन्हा कधी जात नाहीत. म्हणून पहिला नियम असा की, प्रूफ नाणे घासू नये, पुसू नये, त्यावर फुंकरही घालू नये, कारण थुंकीचा कण पडला तर तेथे ठिपका उरतो. नाणे धरायचे झाल्यास हात धुऊन, कोरडे करून, केवळ कडेला दोन बोटांनी धरावे आणि खाली टेबलावर मऊ कापड पसरावे. बोटाचा ठसा आज दिसत नसला तरी वर्षभराने तपकिरी होऊन वर येतो. चांदीवर कालांतराने जी पिवळसर, निळसर छटा चढते ती रोग नव्हे, ते चांदीचे वय आहे. जाणकार संग्राहक तिला नावे ठेवीत नाहीत. ती घालविण्याच्या नादात नाणे गमावू नये.

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. नाण्याचे तीन वैरी आहेत : ओल, गंधक आणि वाईट प्लॅस्टिक. गंधकाने चांदी काळवंडते, आणि ते आपल्या घरात अनपेक्षित ठिकाणी असते. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचे कापड यांत नाणी गुंडाळू नयेत. डांबराच्या गोळ्या असलेल्या कपड्यांच्या कपाटातही ती ठेवू नयेत. लाकडी पेटी दिसायला सुंदर असली तरी काही लाकडांतून आम्लाची वाफ सुटत राहते, म्हणून लोखंडी कपाट बरे. ओलीसाठी 'सिलिका जेल'च्या पुड्या डब्यात ठेवाव्यात. निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले की ते तापवून कोरडे करून घ्यावेत किंवा बदलावेत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेकदा तपासणी पुरे. बँकेच्या तळघरातील लॉकरमध्ये नाणी ठेवली तर चोरापासून ती सुरक्षित राहतात, ओलीपासून राहतीलच असे नाही. तेथेही पुडी ठेवावी.

प्लॅस्टिकची गोष्ट सर्वांत फसवी आहे. बाजारात स्वस्त, मऊ, लवचिक पाकिटांचे आल्बम मिळतात. ते बहुधा 'पीव्हीसी'चे असतात. काही वर्षांत त्यांतून तेलकट द्रव्य सुटते आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. तो केवळ वर बसून राहत नाही, धातू खात जातो. ताईंनी लिहिलेले डाग हिरवे आणि चिकट असतील, तर ती नाणी त्या वेष्टनातून आधी बाहेर काढावीत. असा थर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न घासता, काढता येतो. पण हे द्रव्य चटकन पेट घेते, आणि नखांचा रंग काढण्याचे द्रव त्याऐवजी चालत नाही. नवशिक्याने हे काम एखाद्या अनुभवी संग्राहकाकडून करवून घ्यावे. नवी साठवण करायची तर नाण्याच्या मापाच्या कडक ॲक्रिलिकच्या डब्या घ्याव्यात, किंवा 'मायलर'ची पाकिटे घ्यावीत. टांकसाळीची मूळ कडक पेटी सुस्थितीत असेल तर मात्र ती फोडू नये. पेटी, तिच्यातील कागद आणि पूर्ण संच या तिन्हींना मिळून किंमत असते. वाटणीच्या वेळी "मोठे नाणे थोरल्याला, बाकीची धाकट्याला" असे करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता किमतीविषयी. नाण्याच्या चार किमती असतात, आणि त्यांची गल्लत झाली की माणूस एक तर फसतो किंवा फसवला गेल्याची खंत करीत बसतो. पहिली, त्यावर छापलेली. दुसरी, टांकसाळीने विकताना घेतलेली, जी छापील किमतीहून अधिक असते. तिसरी, धातूची. आणि चौथी, संग्राहक देईल ती. धातूची किंमत काढणे सोपे आहे. १९६९ च्या दहा रुपयांच्या नाण्याचे वजन १५ ग्रॅम आणि त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपयांचे नाणे आकाराने मोठे आणि वजनाने २२ ग्रॅमांहून अधिक आहे, पण त्यात चांदी निम्मीच, म्हणजे ११ ग्रॅमांच्या आसपास. जड नाणे म्हणजे अधिक चांदी, हा समज येथेच खोटा ठरतो. त्यानंतर अनेक वर्षे निघालेली शंभर रुपयांची नाणी ३५ ग्रॅमांची, ५० टक्के चांदीची आहेत. त्यांत चांदी साडेसतरा ग्रॅम भरते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त २०१० साली निघालेले हजार रुपयांचे नाणेही ३५ ग्रॅमांचेच, पण त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे २८ ग्रॅम आहे. या हिशेबाने जो आकडा येईल तो तळ समजावा, त्याखाली कोणालाही नाणे देऊ नये.

चौथी किंमत ठरते ती नाण्याची स्थिती, संख्या आणि मागणी यांवर. प्रूफ आहे म्हणून दुर्मीळ आहे, असे नाही. काही संच पुष्कळ विकले गेले आहेत आणि त्यांना अनेक वर्षांनीही फारसा भाव आलेला नाही. परदेशी संस्था नाण्याला एक ते सत्तर असे गुण देतात, आणि निर्दोष प्रूफला सत्तर मिळतात. परंतु सामान्य नाण्याला गुण देवविण्याचा खर्च नाण्याहून अधिक होतो. किंमत पाहायची तर विक्रेत्याने मागितलेली पाहू नये, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली पाहावी. दोन-तीन व्यापाऱ्यांना स्वतंत्रपणे विचारावे. व्यापारी ज्या भावाने विकतो त्याच भावाने विकत घेणार नाही, त्यात त्याची लबाडी नसून त्याचे पोट आहे. घेताना एक पारख करावी. घासून चमकविलेले साधे नाणे कधीकधी प्रूफ म्हणून खपविले जाते. अशा नाण्याची अक्षरे बोथट असतात आणि चित्र व पार्श्वभूमी सारखीच चमकतात. खऱ्या प्रूफची कड आणि अक्षरे कापल्यासारखी रेखीव असतात. "जुने पाच रुपये द्या, लाखो घ्या" अशा जाहिरातींना तर उत्तरही देऊ नये. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली त्यांच्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

शेवटी एक शिक्षकी सूचना. संग्रहाबरोबर एक वही ठेवावी. नाणे कोणते, कधी, कोणाकडून, किती रुपयांस घेतले, वजन किती, हे तिच्यात लिहावे, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत "ही नाणी घासू नयेत" असे लिहून वही घरातील सर्वांना दाखवून ठेवावी. ताईंच्या सासऱ्यांनी असे एक पान लिहिले असते तर त्यांना मला विचारावे लागले नसते. अण्णांनी लिहिले असते तर मीही वाचलो असतो.

आणि लक्ष्मीपूजन? ते अवश्य करावे. पंचामृताने स्नान घालायला, हळदकुंकू वाहायला घरातील जुना चांदीचा रुपया किंवा सराफाकडचे साधे नाणे घ्यावे. प्रूफ संच बंद पेटीसह पाटावर मांडावा. लक्ष्मीला पेटी उघडण्याची गरज पडत नाही.

ते व्यापाऱ्याच्या काट्यावर चढलेले नाणे मी विकले नाही. बहिणीच्या घराला पैसे दुसरीकडून उभे केले. शाळेत धातूंचा धडा चालू असला की मी ते वर्गात नेतो आणि मुलांच्या हातात देतो, कारण त्याचे आता काही बिघडायचे उरलेले नाही. मग डबीतला १९६९ चा रुपया दाखवतो. तो मात्र हातात देत नाही. मुलांना फरक सांगावा लागत नाही.