तलावाकाठची भेळ आणि बादलीतले पाणी

सुट्टीच्या संध्याकाळी सोलापूरकर सहकुटुंब सिद्धेश्वर तलावाकाठी येतात. दर्शन घ्यायचे, पाण्याकडे पाहत जरा टेकायचे आणि मग भेळ, पाणीपुरी, गरमागरम मिरची भजी. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर हीच गर्दी कितीतरी पटींनी वाढते.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडले की दोष भज्यांच्या माथी मारला जातो. तो बहुधा चुकीचा असतो. समोर तळून लगेच हातात आलेल्या भज्यात जंतू टिकणे अवघड. (तेच तेल किती वेळा तापवले, हा प्रश्न वेगळा, तो हृदयाच्या खात्यावर जातो.) संशय घ्यावा तो पाणीपुरीच्या पाण्याचा, हिरव्या चटणीचा, बर्फाचा आणि ताटल्या बुचकळून काढण्याच्या बादलीचा. यातले काहीच उकळलेले नसते. चिंच-लिंबाच्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते, पण सगळे मरत नाहीत.

शिवाय रोग उशिरा उगवतो. विषमज्वराला साधारण एक-दोन आठवडे लागतात, ‘अ’ प्रकारच्या काविळीला सरासरी चार. संक्रांतीला प्यालेल्या दूषित पाण्याची कावीळ फेब्रुवारीत डोळ्यांत उतरते, तोवर गड्डा कोणाच्या लक्षातही नसतो. म्हणून ताप आठवडाभर हटत नसेल किंवा लघवी गडद पिवळी होत असेल, तर डॉक्टरांना महिनाभरात बाहेर काय खाल्ले तेही सांगावे.

‘बाहेरचे खाऊ नका’ हा सल्ला सोपा आहे आणि कोणी पाळत नाही. गाडेवाल्याला बोल लावणेही तितकेच सोपे. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला पाणी काही दिवसांआड येत आले आहे. घरोघरी पिंपे भरली जातात, तशीच गाडेवालाही भरतो. साठवलेल्या पाण्यातले क्लोरिन हळूहळू उडून जाते, आणि एकच बादली संध्याकाळभर पुरवायची तर त्याने हात किती वेळा धुवावेत?

पथविक्रेत्यांसाठी 2014 साली कायदा झाला. विक्री क्षेत्रातल्या नागरी सुविधांसाठी विक्रेत्यांकडून देखभाल शुल्क घेण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे सुविधा द्याव्या लागतील, हे कायद्याने गृहीतच धरले आहे. तलावाकाठी आणि होम मैदानावर क्लोरिनयुक्त पाण्याचे चार नळ व सांडपाण्याची एक मोरी, एवढे काम महापालिकेला पुढच्या गड्ड्याआधी नक्की करता येईल.