टेंभुर्णीच्या डीजेवाल्याने अमीन सयानींकडून काय घ्यावं?



माझं मत आधीच सांगून टाकतो. डीजेच्या धंद्यात कर्ज काढून आणखी मोठे बेस घेणं हा आज बहुतेकांसाठी तोट्याचा सौदा आहे. राग येईल काहींना, चालेल.

विषय निघाला तो जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या एका डीजेवाल्या मित्रामुळे. त्याने विचारलं, "सर, आठ लाखांचं कर्ज मिळतंय, नवीन सिस्टिम टाकू का? शेजारच्या गावातल्या पोराने टाकली, माझ्या सुपाऱ्या तुटायला लागल्या." बोलता बोलता गाडी लहानपणावर गेली. सोमवारी रात्री आजोबांच्या रेडिओवर विविध भारतीची 'गीतमाला' लागायची. हा पठ्ठ्या वहीत गाण्यांचे नंबर लिहायचा आणि पुढच्या आठवड्यात कोणतं गाणं वर चढणार यावर भावाशी पैज लावायचा. "तो माणूस 'बहनो और भाइयो' म्हणाला की आमची आजीसुद्धा चुलीपासून उठून यायची. तिला हिंदी येत नव्हतं सर!"

मी म्हटलं, बाबा, तुझं उत्तर त्या वहीत आहे, बँकेत कशाला जातोस?

अमीन सयानी म्हणजे काय चीज होती ते नव्या पोरांना माहीत नसेल. 1952 साली आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली आणि ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. या कामासाठी कुणी मोठा निवेदक तयार नव्हता, कारण मानधन आठवड्याला 25 रुपये आणि त्यात लिहिणं, बोलणं, पत्रं तपासणं सगळं आलं. विशीतल्या या पोराने ते घेतलं. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे 9,000 पत्रं आली! वर्षभरात आकडा आठवड्याला 65,000 वर गेला.

आता बघा, याच माणसाला आकाशवाणीने आधी नाकारलं होतं. कारण काय, तर उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छाप. मग त्याची भाषा कुठून आली? घरातून. आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, साध्या हिंदुस्थानीत. जो माणूस नुकताच वाचायला शिकलाय त्याला समजेल असं लिहायचं. मुलगा त्या कामात मदत करायचा. टेंभुर्णीची आजी चुलीपासून का उठायची, ते मला इथे कळतं.

गाणी सगळ्यांकडे तीच होती हो. तबकड्या बाजारात मिळायच्या. लोक थांबायचे ते हा माणूस गाणं कसं हातात देतो त्यासाठी. आणि क्रम तो मनाने लावत नव्हता. तबकड्यांची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं, दोन्ही बघायचे. गिऱ्हाइकाला काय हवंय याची नोंद ठेवणं म्हणतात ते हेच.

आता आपल्या मित्राचा हिशोब. आठ लाख, 12 टक्के, पाच वर्षं धरा. हप्ता येतो 17,800 च्या आसपास. हप्ता बाराही महिने असतो, लग्नं बारा महिने नसतात. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, मधे गणपती आणि देवी तेवढे. शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला बंदी, रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. म्हणजे जी ताकद विकत घेणार ती कायद्याने वाजवायचीच नाही! एकदा सामान जप्त झालं की दोन सीझनची कमाई कोर्टाच्या फेऱ्यांत. आणि तुम्ही आठचं घेतलं की शेजारचा दहाचं घेणार. ही शर्यत कोण जिंकतं? सामान विकणारा.

मी त्याला सांगितलं, सिस्टिम आहे तीच ठेव, फक्त एक चांगला माईक घे. बयाणा घेताना नवरदेवाच्या घरी अर्धा तास बस. आत्याला कोणतं गाणं आवडतं, मामाचं गाव कुठलं, हळदीला काय वाजवायचं, परण्याला काय, लिहून घे. मग माईकवर नाव घेऊन बोल. आजी-आजोबांसाठी एक जुनं गाणं लाव आणि ते लावण्याआधी दोन वाक्यं बोल. गावात हे कुणी करत नाही, आणि याला हप्ता नाही.

त्याची शंका होती, "पण पोरांना दणका लागतो सर." लागतो, खरंय. पण बयाणा कोण देतं? पोरं की पोराचा बाप?

त्याने दोन लग्नांना करून बघतो म्हटलंय. कर्जाचा अर्ज तूर्त थांबवलाय. या पद्धतीत दर किती लावायचा, हा त्याचा पुढचा प्रश्न आहे. तो बुधवारच्या व्हिडिओत घेऊ. येताना तुमच्या मागच्या सीझनच्या सुपाऱ्यांची वही सोबत ठेवा.